लॅबमध्ये ९९ टक्के, बागेत गेल्यावर मॉडेल आडवं. पेपरमध्ये काय लिहू?

पानोपानी:
नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करतेय, विषय कॉम्प्युटर व्हिजन, त्यातही द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणं. प्लांटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या खुल्या डेटासेटवर रेझनेट (फोटो ओळखणारं न्यूरल नेटवर्क) ट्रेन केलं, म्हणजे शिकवलं, आणि बाजूला ठेवलेल्या टेस्टच्या फोटोंवर ९९ टक्क्यांच्या पुढे अ‍ॅक्युरसी आली, सगळे खूश. मग निफाडला मामांच्या बागेत जाऊन मोबाईलवर फोटो काढले आणि तेच मॉडेल चालवलं तर निम्मी उत्तरंसुद्धा धड येईनात. आणि चुकतंय तेही ठासून चुकतंय, चांगल्या हिरव्यागार पानाला ब्लॅक रॉट रोग म्हणतंय आणि कॉन्फिडन्स (उत्तराची स्वतःची खात्री) बघावा तर शंभर टक्क्यांच्या जवळ. गाईड म्हणतात बागेतले फोटो पेपरमध्ये घालूच नकोस, रिव्ह्यूअर तेवढंच धरून बसतील, ९९ चा टेबल आहे तो पाठव. त्यांचं मन मोडायचं नाहीये, पण मामा रोज विचारतात तुझं ते अ‍ॅप कधी येतंय, आणि मला माहितीये की ते चालत नाही. इथे इमेजिंगमधले बरेच लोक आहेत म्हणून विचारते, हे असं का होतं आणि पेपरमध्ये काय दाखवायचं?

धूसरकडा:
हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, कारण प्लांटव्हिलेजवर ९९ दाखवणारे पेपर पोत्याने आहेत आणि बागेत जाऊन बघणारे थोडे. पण तुम्हाला जे दिसतंय ते नवीन नाही. या डेटासेटवरचा सगळ्यात गाजलेला पेपर मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांचा, २०१६ चा. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग, आणि अ‍ॅक्युरसी ९९.३५ टक्के. सगळे तोच आकडा उचलतात. त्याच पेपरमध्ये पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर अ‍ॅक्युरसी ३१ टक्क्यांच्या जरा वर एवढीच राहिली. म्हणजे ज्यांनी ९९ मिळवले त्यांनीच ३१ पण छापले, आणि म्हणूनच मला तो पेपर आवडतो.

का होतं, तर ते फोटो काढलेत कसे ते बघा. पान तोडायचं, कागदावर ठेवायचं, मागे एकसारखा राखाडी किंवा काळा रंग, फ्रेममध्ये एकच पान. एकेका रोगाचे फोटो बहुतेक एका ठिकाणी, एका बैठकीत काढलेले असणार, त्यामुळे मागचा रंग आणि उजेड हेच त्या रोगाची खूण होऊन बसतात. २०२२ मध्ये नोयान यांनी एक साधी गोष्ट केली, प्रत्येक फोटोच्या बॅकग्राउंडमधले फक्त ८ पिक्सेल घेतले, पानाचा एकही पिक्सेल नाही, आणि त्यावर मॉडेल शिकवलं. ४९ टक्के बरोबर! अंदाजाने ठोकलं असतं तर डेटासेटमधल्या पीक-रोगाच्या ३८ वर्गांत २.६ टक्के आले असते. आता तुमच्या ९९ मधलं पानामुळे किती आणि कागदामुळे किती हे तुम्ही कसं सांगणार?

हा रोग फक्त शेतीच्या डेटाला नाहीये. तोराल्बा आणि एफ्रॉस यांनी २०११ मध्येच दाखवलं होतं की १२ नावाजलेले डेटासेट घेऊन मॉडेलला नुसतं विचारलं की हा फोटो कुठल्या डेटासेटमधला, तर ३९ टक्के वेळा बरोबर सांगतं, जिथे नशिबावर ८ टक्के यायला हवेत.

दोन गोष्टी आजच्या आज करा. पानाचा भाग काळा करून उरलेल्या बॅकग्राउंडवर ट्रेन करून बघा किती येतं. आणि स्प्लिट, म्हणजे ट्रेनचे आणि टेस्टचे फोटो वेगळे कसे केलेत ते तपासा, एकाच पानाचे वेगवेगळ्या कोनातून काढलेले फोटो आहेत त्यात, रँडम स्प्लिट केलं असेल तर तेच पान ट्रेनमध्येही आणि टेस्टमध्येही जातं. मोहंतींनी जिथे माहिती होती तिथे असे फोटो एका बाजूला ठेवले होते. ग्रॅड-कॅमचे रंगीत नकाशे (मॉडेल फोटोत कुठे बघतं ते दाखवणारे) जरूर काढा पण फक्त त्यांच्यावर विसंबू नका, चार निवडक चित्रं छान दिसतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

खरडछाटणी:
मी प्लांट पॅथॉलॉजीवाला, घरची बाग पण आहे. व्हिजनचं मला फार कळत नाही पण एक गोष्ट वाचून राहवलं नाही. ताई, त्या डेटासेटमध्ये द्राक्षाचे वर्ग कुठले आहेत ते बघितलंत का? ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. संपलं. आता तुमच्या मामांना विचारा की ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला तर झोप कशाने उडते, ते म्हणतील डाऊनी (केवडा), आणि पुढे थंडीत भुरी, दोन्ही बुरशीचे रोग. ही दोन्ही द्राक्षावर त्या यादीत नाहीतच. भुरी आहे पण ती चेरीची आणि स्क्वॉशची. म्हणजे अमेरिकेच्या बागेतल्या रोगांवर शिकलेलं मॉडेल तुम्ही निफाडात आणून विचारताय की हा रोग कुठला, त्याला डाऊनी हे उत्तर देताच येत नाही, चारांतलं एक द्यावंच लागतं म्हणून ते देतं. बॅकग्राउंडचं वगैरे असेल पण हे त्याच्याही आधीचं आहे.

दुसरं, बागेतलं पान कोरं नसतं हो. बोर्डो मारलेला असेल तर मोरचूद-चुन्याचे निळसर पांढरे डाग वाळून बसलेले असतात, सल्फर मारलं असेल तर वेगळी पांढुरकी पूड, खताचं पाणी क्षारयुक्त असेल तर त्याचे ठिपके. भुरी पण पांढुरकी राखाडी पूडच. मी बागेत अंगठ्याने पुसून बघतो, बुरशी असेल तर पुसल्यावर खाली पानाचा रंग मळकट, करपल्यासारखा दिसतो, आणि औषधाचा डाग थेंबाच्या आकाराचा असतो, कडा जाड आणि मध्ये विरळ, पानाच्या खोलगट भागात आणि टोकाला साठलेला. हा फरक फोटोत दिसतो, पण जवळून काढला तर. वेलापासून चार हात लांब उभं राहून काढलेल्या फोटोत मलाही सांगता येणार नाही.

आणि डाऊनीचा वरून फक्त पिवळसर तेलकट डाग दिसतो, तसा तर अन्नद्रव्याच्या कमतरतेनेही पिवळेपणा येतो. खात्री होते ती पान उलटवल्यावर, खाली पांढरी कापसासारखी वाढ दिसते, तीही सकाळी दव असताना नीट. तुमच्या डेटात पानाची खालची बाजू आहे का? कुठल्या फोटोत कुठला रोग ही लेबल कोणी लावली? मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे तुमच्या पुण्यातच, तिथल्या रोगशास्त्राच्या माणसाला बरोबर घ्या. इंजिनिअरिंगच्या मुलांनी गूगलवर बघून लावलेल्या लेबलांवर माझा विश्वास नाही, राग मानू नका.

क्षकिरण:
मी मेडिकल इमेजिंगमध्ये पोस्टडॉक आहे, सध्या युरोपात. आमच्याकडे हीच गोष्ट माणसांच्या जिवावर झाली असती. कोविडच्या पहिल्या वर्षात छातीच्या एक्स-रेवरून कोविड ओळखणाऱ्या पेपरांचा पूर आला, मग २०२१ मध्ये एका मोठ्या गटाने नीट आढावा घेतला, २,२१२ पेपरांतून निकष लावत लावत ६२ उरले आणि त्या ६२ पैकी एकही दवाखान्यात वापरण्याच्या लायकीचा निघाला नाही. काहींनी कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे घेतले होते आणि तुलनेचे १ ते ५ वर्षांच्या मुलांचे. मॉडेल काय शिकलं असेल ते तुम्हीच ठरवा. म्हणून आता आमच्या क्षेत्रात दुसऱ्या हॉस्पिटलच्या डेटावर तपासल्याशिवाय बरेच रिव्ह्यूअर पुढे वाचतही नाहीत.

तुमच्या बाबतीत हॉस्पिटलच्या जागी बाग. एका बागेचे सगळे फोटो बाजूला ठेवायचे, बाकीच्यांवर शिकवायचं, त्या एकीवर तपासायचं, मग दुसरी बाजूला, असं फिरवत राहायचं. मोबाईलही बदला, प्रत्येक कंपनीचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि कडा धारदार करतो, हिरव्या पानांनी भरलेल्या फ्रेममध्ये तो अंदाज हमखास हलतो, आणि पिवळसर डाग ओळखायचा म्हणजे सगळी भिस्त रंगावरच. एक साधं कलरकार्ड पहिल्या फोटोत धरलं तरी नंतर दुरुस्ती करता येते.

गाईडकाका:
मीही गाईड आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुमचे सर वाईट सांगत नाहीयेत, त्यांना तुमचं सबमिशन दिसतंय. यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती काढली खरी, पण बऱ्याच विद्यापीठांनी आपापल्या अटी ठेवल्या आहेत आणि वर्षं संपत येतात. पण आकडा लपवून पाठवायला मी माझ्या विद्यार्थ्याला सांगणार नाही. व्हायवात एखाद्या परीक्षकाने बागेत तपासलंत का विचारलं तर तुम्हाला उत्तर द्यायचंय, सरांना नाही. त्यांच्याकडे नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, नवा आराखडा घेऊन जा, दोन आकडे शेजारी शेजारी, मधली दरी कशाने पडली त्याचे तीन-चार प्रयोग, आणि मराठी मुलखातल्या रोगांचा छोटा पण नीट लेबल केलेला डेटा. तो पेपर ९९ वाल्यापेक्षा जास्त वाचला जाईल. पाठवायला आयसीव्हीजीआयपी ही व्हिजनची भारतातली परिषद आहे, १९९८ पासून चालू आहे, आणि झाडांवरच्या व्हिजनची सीव्हीपीपीपी कार्यशाळा २०१४ पासून आहे, तिथल्या लोकांना शेतातला गोंधळ माहिती असतो. आयआयटी गांधीनगरच्या गटाने २०२० मध्ये प्लँटडॉक हा पानांच्या रोगांचा डेटासेट काढला तेव्हा त्यात २,५९८ च फोटो होते, पण खऱ्याखुऱ्या बॅकग्राउंडचे, आणि लोक आजही तो वापरतात. आकार लहान म्हणून अडत नाही.

पानोपानी:
सगळ्यांचे मनापासून आभार. धूसरकडा, बॅकग्राउंडवाला प्रयोग करून बघितला, पान पूर्ण काळं केलं तरी मॉडेल अंदाजापेक्षा कितीतरी वर जातंय, आता सरांना दाखवायला हातात काहीतरी आहे. खरडछाटणी दादा, राग कशाला, डाऊनी यादीतच नाही हे आमच्या अख्ख्या लॅबमध्ये कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मांजरीला मेल करतेय. मामांच्या ओळखीने दिंडोरी आणि पिंपळगावच्या बागा मिळतील, तासगावकडे कोणी असेल तर सांगा, कारण सगळं नाशिकचंच झालं तर परत तोच प्रश्न. एक विचारायचं होतं, पान उलटवून फोटो काढताना तोडायचं की वेलावरच? आणि उन्हात की सावलीत?

खरडछाटणी:
तोडू नका, तोडलेलं पान लगेच मलूल पडतं आणि शेतकऱ्यालाही आवडत नाही. एका हाताने देठाजवळ धरून वळवायचं, दुसऱ्या हातात मोबाईल, आधी वरची बाजू मग खालची, दोन्ही फोटोंना एकच नंबर. वेळ सकाळची, दव असतानाची, ऊन चढल्यावर पान चकाकतं आणि ती चकाकी तेलकट डागासारखी दिसते. ऊन असेलच तर तुमच्या अंगाची सावली पानावर पूर्ण पडू द्या, अर्धी सावली अर्धं ऊन नको. आणि वहीत शेवटची फवारणी कशाची आणि कधी हे मालकाला विचारून लिहा, औषधाचे डाग वेगळे काढायला तेच कामी येणार आहे. तासगावला माझा वर्गमित्र आहे, त्याला विचारून मेसेज करतो.