शिगाराकीला जाताना गोदाकाठची माती सोबत न्यावी काय?

प्रश्न (पैठणहून): जपानमधील शिगाराकी या कुंभारकामासाठी प्रसिद्ध गावाच्या सिरॅमिक पार्कात तीन महिने राहून काम करण्यासाठी माझी निवड झाली असून, निघण्याचा दिवस जसजसा जवळ येत आहे, तसतसा रात्री डोळ्याला डोळा लागेनासा झाला आहे. माझा हात गोदावरीच्या गाळात लीद आणि राख मिसळून मळलेल्या मातीवर बसलेला आहे. ती थोडी सोबत न्यावी काय?

उत्तर १: ताई, माती नेऊच नका, कारण जपानमध्ये बाहेरची माती आणण्यास बंदी आहे, शिवाय आपली माती ९०० अंशांच्या आसपास भाजली जाते, तिथल्या १२५० अंशांच्या भट्टीत ती फुगून बसकण मारील. भाजलेले नमुने खुशाल न्या.

उत्तर २: शिगाराकीची माती खरबरीत असते आणि तिच्यातील फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे खडे भाजल्यावर पृष्ठभागावर उमटतात, हेच तिचे वैभव, चाकावर मात्र तळहात सोलवटतात. निघण्यापूर्वी धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती एकदा पाहून घ्या.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. काल आव्यातून (कुंभाराच्या भट्टीतून) निघालेली दोन तडकलेली बोळकी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली आहेत. आई विचारते, तडकलेलीच कशाला नेतेस?