मदत हवी आहे: स्वीट कॉर्नचा कीस गिच्च होतो, शंभर द्रोण करायचेत

मुलगी-जावई अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, याकिमाच्या खोऱ्यात असतात. जावई एका शेतावरच्या छोट्या ब्रुअरीत कामाला आहे. हॉप्स (बियरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं) त्यांचेच, बियरही त्यांचीच. सप्टेंबरअखेर तिथे हॉप्सच्या सुगीचा उत्सव असतो. यंदा त्यात यांचा तंबू आहे, आणि सोबतच्या खाण्याचं मुलीने अंगावर घेतलंय. "आई, आपला इंदौरचा भुट्ट्याचा कीस ठेवते." मीही हो म्हणून बसले.

अडचण मक्याची. इंदौरच्या सराफा या खाऊबाजारात कीस मिळतो तो देशी, पिठूळ भुट्ट्याचा. तिथे स्वीट कॉर्न. मी इथेच स्वीट कॉर्न आणून दोनदा करून पाहिला. पहिल्यांदा नेहमीसारखं दूध घातलं, तर खीर झाली. मग दूध वगळून दोन चमचे भाजका रवा घातला. सुटा झाला, पण ह्यांनी "उपमा छान झालाय" म्हणून परत मागितला, तेव्हाच काय ते कळलं.

त्यात तिथला नियम असा की गरम पदार्थ ५७ अंश सेल्सियसच्या खाली येऊ द्यायचा नाही. चार तास तापत ठेवला की कीस बुडाला धरतो.

आणि बियर ओल्या हॉप्सची. एरवी हॉप्सची फुलं भट्टीत वाळवून वर्षभर वापरतात. ओल्या फुलात ऐंशी टक्के पाणी, म्हणून तोडल्यापासून दिवसाभरात ती काहिलीत पडावी लागतात. मी काही बियर चाखलेली नाही. पण मागच्या वर्षी गेले होते तेव्हा अठरा फुटी दोरांवर चढलेले वेल पाहिले आणि एक फूल चुरडलं. आत पिवळी पूड, वास लिंबाच्या पानासारखा. हात न धुता पोळीचा घास घेतला, तर कारलं परवडलं! एवढ्या कडूपुढे हिरवी मिरची चालेल का?

राजवाड्याजवळची: ताई, स्वीट कॉर्नची साखर पिठात फार कमी बदलते, म्हणून त्याचा कीस साध्या मक्यासारखा दाट होत नाही. त्या भागात गोठे पुष्कळ, गुरांसाठी साधा मका पेरतात. दाण्यात नख रुतवल्यावर दूध निघतं त्या बेताची कणसं आधीच मागून ठेवा आणि किसून फ्रीजरमध्ये टाका. फवारणी कधी झाली ते मात्र विचारून घ्या.

खवय्या_छप्पन: साधा मका नाहीच मिळाला तर पसरट कढईत तुपावर कीस आधी कोरडा परता, तूप सुटेपर्यंत. मग दुधाऐवजी दूध पावडर. साखर अजिबात नको. आणि चार तास एकच भांडं कशाला? मोहरी-हिंगाची फोडणी देऊन परतलेला कीस थंडगार ठेवा, दर अर्ध्या तासाला थोडा थोडा गरम करा. कडू बियरवर मिरची जास्त झोंबते, ती निम्मी करा. जिरावण (वरून भुरभुरायचा इंदौरी मसाला) वेगळं ठेवा, ज्याचं त्याने भुरभुरावं.

धागाकर्ती: दूध पावडरने आत्ताच वाटीभर करून पाहिला. ह्यांनी चाखला आणि उपमा म्हणाले नाहीत! गोठ्याचं जावयाला कळवलंय, शेजारीच एक आहे म्हणाला. खोबरं वरून घालायचं की आतच परतायचं, तेवढं सांगा.