'बाकीचं शेतीत दाखवा' म्हणणाऱ्यांना उत्तर

भुसावळचा दुकानदार: काल इथे एकाने सल्ला दिला: "सीएला पैसे कशाला देता? आयकराचा सुगम फॉर्म भरा, उलाढालीवर ८ टक्के नफा दाखवा, बाकीचं शेतीच्या उत्पन्नात टाका. कर शून्य." खाली वाहवा बघून राहवलं नाही.

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की सुगम, म्हणजे आयटीआर-४, चालतच नाही. आयटीआर-३ भरावा लागतो. तिथे हा आकडा ५ लाखांपुढे गेला तर जिल्हा, क्षेत्र, मालकीची की भाड्याची, बागायत की जिरायत, सगळं विचारतात. सातबाऱ्यावर दीड एकर कोरडवाहू आणि उत्पन्न ८ लाख, कोण मानेल? शिवाय ८ टक्के ही किमान आहे (बँक-यूपीआयने आलेल्या रकमेवर ६). जास्त कमावलं तर जास्तच दाखवायचं. माझ्या मेहुण्याने वर्षानुवर्षं कमी दाखवलं. दुकान वाढवायला कर्ज मागितलं, तर बँकेने तेच रिटर्न पुढ्यात ठेवून नाही म्हटलं.

केळीवाला, रावेर: झालं! पुन्हा शेतकरीच चोर! कटाईला आलेली बाग वादळात आडवी होते तेव्हा कुठे असता तुम्ही? व्यापारी जाहीर झालेल्या बोर्ड भावाच्या खाली मागतो, तेव्हा कोण बोलतं? फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी भरतो आम्ही, त्याचं क्रेडिट मिळत नाही. आम्ही कर भरत नाही म्हणणाऱ्यांनी दुकानाची पावती बघावी.

धुळ्याची शिक्षिका: दादा, पावती आम्हीही फाडतो. वर आमच्या पगारातून कर आधीच कापला जातो. आमच्या गल्लीत दोन मजले चढवणाऱ्याचं उत्पन्न कागदावर केळीचं आणि धंदा ट्रकचा. त्याचा राग येणारच.

केळीवाला, रावेर: मग त्याला धरा ना ताई! माझ्या बापाने खोडं लावली, त्याचा यात काय दोष?

भुसावळचा दुकानदार: भाऊ, तुमच्या बागेला कुणी हात लावलेला नाही. स्वतः पिकवलेली केळी विकली तर ते शेतीचं उत्पन्न, करमुक्त. दुसऱ्याच्या बागेतला माल विकत घेऊन दिल्लीला पाठवला तर तो धंदा. तुमच्या नावाआड लपणारा हा दुसरा आहे. तुम्हीच त्याच्यावर आधी चिडायला हवं.

केळीवाला, रावेर: हे खरं शे. पण मग लिहिताना 'शेतीवाले' नका लिहू, 'व्यापारी' लिहा.

अडत्या, जळगाव: व्यापाऱ्यावर घसरायचंच होतं तर! मी कमिशनवर दर वर्षी ८ टक्के दाखवतो, आजवर कुणी विचारलं नाही.

भुसावळचा दुकानदार: दलाली-कमिशनच्या उत्पन्नाला ती ८ टक्क्यांची योजना लागूच नाही. आयकर कायद्यातच स्पष्ट वगळलंय. तुमच्या हातात हजार रुपये कमिशन आले तर त्यातले ८० नफा? उरलेले ९२० कशावर खर्च झाले? हिशेबाच्या वह्या ठेवा, खरा खर्च वजा करा. आणि ती योजना ज्याला लागू आहे, त्यानेही मधेच सोडली तर पुढची ५ वर्षं परत घेता येत नाही.

अडत्या, जळगाव: मार्केट यार्डात उभं राहून बघा, हमाली-तोलाईच्या चिठ्ठ्या कोण सांभाळतं! विचारतो सीएला. तुम्ही म्हणता म्हणून नाही.

धुळ्याची शिक्षिका: विचारा, पण रिटर्नची मुदत संपायच्या आत. उशीर झाला तर ५,००० पर्यंत दंड आहे.