डीन स्मिथ आणि 'जॉर्डन असूनही दोनच' हे तुणतुणं

कोपऱ्यातला_पाचवा
"जॉर्डन, वर्दी, फोर्ड हाताशी असून ३६ वर्षांत अजिंक्यपदं दोनच. उरलेला वेळ चेंडू दाबून बसला. असला कोच महान कसला?" मागच्या धाग्यावर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा बास्केटबॉल कोच डीन स्मिथ याच्याबद्दल टाकलेली ही पिंक. तिथे उत्तर मावेना, म्हणून इथे.

फोर्ड १९७८ ला बाहेर पडला, जॉर्डन १९८१ ला आला. दोघं एका संघात कधी नव्हतेच. वर्दी आणि जॉर्डन एकत्र फक्त १९८१-८२ चा हंगाम, आणि तो जिंकलाच की! कॉलेजच्या कोचचं घर दर चार वर्षांनी रिकामं होतं, हे धरून हिशेब करा.

एनसीएएच्या (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) कारवाईनंतर आधीचा कोच मॅग्वायर निघून गेला, म्हणून १९६१ ला नॉर्थ कॅरोलायनाची सूत्रं तिशीतल्या स्मिथकडे आली. पहिल्या हंगामात सामनेच १७ ठेवलेले. ८ जिंकले, ९ हरले. १९६५ च्या जानेवारीत वेक फॉरेस्टकडून हरून बस परतली तर विद्यार्थ्यांनी त्याचा पुतळा फासाला टांगलेला. तिथून राष्ट्रीय स्पर्धेत ११ फायनल फोर (शेवटचे चार संघ), १९८१ ते १९९३ सलग १३ वर्षं शेवटच्या सोळांत, आणि १९९७ ला निवृत्त होताना ८७९ विजय, जो तेव्हाचा विक्रम होता. एक सामना हरला की गाशा गुंडाळायचा, अशा स्पर्धेत!

आणि तो शिळा विनोद, जॉर्डनला सामन्याला वीस गुणांच्या आत रोखणारा एकच माणूस म्हणजे स्मिथ. जॉर्डनची तीन हंगामांची सरासरी १३.५, २०.० आणि १९.६. मधल्या वर्षी विनोदच फसतो.

डावखुरा_लेअप
मधल्याच वर्षी का, तेही सांगा की. १९८२-८३ ला एसीसीने (नॉर्थ कॅरोलायना जिच्यात खेळते ती विद्यापीठांची लीग) प्रयोग म्हणून ३० सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायचाच, आणि तीन गुणांची रेषा आणली होती. घड्याळ लावल्यावर पोरगं वीसवर गेलं. माझाच मुद्दा तुम्ही मांडलात, आभार.

आता १९७७ ची फायनल बघू. मार्केट विद्यापीठाविरुद्ध मध्यंतराला १२ ने मागे, तिथून उसळून ४५-४५. समोरचा संघ गांगरलेला. आणि साहेबांनी काय केलं? फोर कॉर्नर्स! चार कोपऱ्यांत माणसं पसरून चेंडू खेळवत बसायचं. मस्त खेळत असलेला कॅरोलायनाचा ओ'कोरेन आत यायला स्कोअररच्या टेबलापाशी बसून, चेंडू थांबेना म्हणून येता येईना. टाइमआउट घेतला नाही. शेवटी आपल्या बकलीचा लेअप (रिंगजवळून मारलेला शॉट) मार्केटच्या एलिसने अडवला. मार्केट ६७-५९. चालत्या गाडीला खीळ घालणं म्हणतात याला.

कोपऱ्यातला_पाचवा
फोर्डचा कोपर दुखावलेला होता हे सोयीस्कर विसरलात. त्याच संघातल्या डेव्हिसचं बोट मोडलेलं.

डावखुरा_लेअप
मग दुखऱ्या कोपराच्या गार्डच्या हातात पूर्ण डाव देणारी रचना का निवडली? उत्तर तुमच्याच वाक्यात आहे.

पाच_सेकंद
दोघंही फोर कॉर्नर्स म्हणजे 'चेंडू दाबणं' धरून बोलताय. तो डाव गुण करायचाच होता. हाफ कोर्टच्या चार कोपऱ्यांत चौघं, मधल्या रिकाम्या पटांगणात सर्वात पक्का ड्रिबलर. बचावपटू सहा फुटांच्या आत येऊन पाच सेकंद टिकला तर चेंडू जातो, म्हणून ड्रिबलरला त्याला हुलकावणी द्यावीच लागते. हुलकावणी बसली की सरळ रिंगवर. कोपऱ्यातला बचावपटू मदतीला धावला की त्याच्या पाठीमागून खालच्या कोपऱ्यातला माणूस आत कापतो; पास, लेअप. लांबून शॉट मारायचाच नाही.

फसतो कुठे, तर मधल्याने ड्रिबल बाजूच्या रेषेजवळ किंवा मध्यरेषेजवळ थांबवला तर. रेषाच तिसरी बचावपटू होते. तेव्हा कोपऱ्यातल्याने जागेवर उभं न राहता चेंडूकडे धावत यायचं. एक पाऊल उशीर झाला की पास चोरीला. दुसरी खोट म्हणजे मैदानावर फ्री थ्रोला (फाउलनंतरचा मोकळा शॉट) कच्चा एक जरी असला तर समोरचे त्यालाच फाउल करणार. तेव्हा हाफमधल्या सातव्या फाउलपासून वन-अँड-वन मिळायचा, म्हणजे पहिला थ्रो रिंगमध्ये गेला तरच दुसरा. ७५ टक्केवाल्याकडून सरासरी १.३१ गुण, ६० टक्केवाल्याकडून ०.९६. एवढ्या फरकावर आघाडी राहते किंवा जाते.

मातीवरची_चढाई
अवांतर, पण राहवत नाही. आघाडी घेऊन वेळ काढायचा रोग कबड्डीतही होताच. रिकाम्या चढाया करून पोरं परत यायची आणि आपण टाळ्या पिटायचो. प्रो कबड्डीत 'डू ऑर डाय' आली, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण नाही तर चढाईपटू बाद, तेव्हा कुठे थोडी शिस्त लागली. थोडीच! दोन चढाया तरीही फुकट, प्रत्येकी ३० सेकंद. कोच दोषी नसतो, नियम ढिला असतो.

डावखुरा_लेअप
कबड्डीचा वेगळा धागा काढा हो.

मातीवरची_चढाई
का? तुमच्या कॉलेज बास्केटबॉलला देशभर घड्याळ लावायला १९८५-८६ उजाडलं, तेही ४५ सेकंदांचं. आम्ही निदान तिसऱ्या चढाईला तरी जागे झालो.

पाच_सेकंद
मुद्दा चुकीचा नाही. १९८२ ची एसीसी फायनल बघा. कॅरोलायना ४४-४३ पुढे. समोर व्हर्जिनियाचा ७ फूट ४ इंचांचा सॅम्पसन. सुमारे सात मिनिटं चेंडू कोपऱ्याकोपऱ्यात फिरला. आपल्या संघात वर्दी, पर्किन्स, जॉर्डन असताना! ४७-४५. टीव्हीवर देशभर दिसलं आणि घड्याळाची मागणी पेटली.

डावखुरा_लेअप
हेच म्हणतोय मी. वरचढ संघाने सामना लहान करू नये. ताबे, म्हणजे चेंडू हातात येण्याच्या पाळ्या, जितके कमी, तितका नशिबाचा वाटा जास्त. दुबळ्याची युक्ती बलवान का वापरतो?

पाच_सेकंद
स्कोअर बरोबरीत असेल तर शंभर टक्के मान्य. पण चार गुणांची आघाडी असताना समोरच्याला १० ताबे द्यायचे की ३०? वेळ आघाडीवाल्याच्या बाजूने असतो. एअर फोर्स अकादमीत सहायक होता तेव्हापासून हा माणूस प्रत्येक ताब्यामागे किती गुण ते मोजत होता. तुम्हाला अजून सामन्यामागचे गुण दिसतात.

डावखुरा_लेअप
शिकवू नका. आघाडी असताना म्हणता? २४ फेब्रुवारी १९७९, समोर ड्यूक विद्यापीठ. ड्यूक झोनमधून (माणसामागे न धावता जागा धरून केलेला बचाव) बाहेर येईना, म्हणून *मागे असताना* चेंडू धरून बसले. मध्यंतराला ७-०. सात-शून्य! कॅरोलायनाचे शॉट दोन, दोन्ही वाया. दुसरा हाफ ४०-४० बरोबरीत. निकाल ४७-४०. आता त्या सात गुणांचा ताब्यामागचा हिशेब मांडा.

कोपऱ्यातला_पाचवा
आठवड्याने त्याच ड्यूकला एसीसी फायनलमध्ये ७१-६३ ने हरवलं, तेही सांगा.

डावखुरा_लेअप
हो, नीट खेळून हरवलं! वा, आभार परत एकदा.

पाच_सेकंद
७९ चा बचाव मी करत नाही. झोन बाहेर येत नसेल तर बाहेरून शॉट मारून त्याला ओढावं लागतं. नुसतं थांबून चालत नाही. पण कोच म्हणून मोजायचं तर रोजचं काम बघा. थकलेला खेळाडू मूठ वर करून स्वतः बाहेर यायचा आणि दम आला की स्वतःच आत जायचा. कोचने काढलं तर मात्र परतणं कोचच्या मर्जीवर. त्यामुळे थकवा लपवायचं कारणच उरत नाही. बास्केट झाला की पास देणाऱ्याकडे बोट. आज सगळे करतात ते.

डावखुरा_लेअप
मुठीचं मान्य. ८२ पण दिला, तीन आठवड्यांनी जॉर्जटाउनला ६३-६२ ने हरवून मोठा चषक नेला म्हणून. ७७ आणि ७९ माझ्याकडे.

मातीवरची_चढाई
वाटणी झाली असेल तर कोणी सांगेल का, ती पाच सेकंदांची मोजणी पंच हाताने करायचा की मनात?

पाच_सेकंद
हाताने, दर सेकंदाला हात हलवून. बचावपटू सहा फुटांबाहेर गेला की मोजणी पुन्हा शून्यापासून.