मुंबईतील घरमालकांच्या संघटनेचा सुरुवातीचा इतिहास कोठे शोधावा?

गिरगावकर:
नमस्कार. दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर लागू असलेल्या जुन्या) इमारतींवर दीर्घ लेख लिहीत असून त्यात ‘प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन’ या घरमालकांच्या संघटनेची पूर्वपीठिका द्यायची आहे. प्रत्येक खासगी मालमत्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद 39 (ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा 5 नोव्हेंबर 2024 चा निकाल याच संघटनेच्या प्रकरणातला. त्यावरच्या बातम्या मुबलक आहेत, परंतु बहुतेक 1992 पाशी थांबतात. त्यामागे कसे जावे?

जुनेदप्तर:
1992 हे केवळ सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्याचे वर्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्या डिसेंबर 1991 मध्ये, आणि वादाचे मूळ म्हाडा कायद्यात 1986 साली घातलेल्या आठ-अ या प्रकरणात आहे. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास इमारत संपादित करून मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला द्यावी, अशी ती तरतूद. आता हिशेब करून पाहा: 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणित (कायद्याने मान्य कमाल) भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला बांधून ठेवले होते, म्हणजे ज्या खोलीचे भाडे वीस रुपये, तिच्यापोटी मालकाच्या हाती दोन हजार रुपये. एवढे समजल्यावर मालक का एकत्र आले हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून 1986 वर न थांबता 1947 चे विधेयक, शक्यतो 1918 चा युद्धकालीन भाडेविषयक कायदादेखील तपासावा आणि त्या वेळी मालकांची बाजू कोणी मांडली ते पाहावे.

कागदकीडा:
शोध संघटनेच्या नावाने घेऊ नये, विषयाने घ्यावा. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जाताना कायद्यांची वर्षे हाताशी ठेवावीत. विधिमंडळातील चर्चांचे छापील खंड आणि त्याच महिन्यांतील वृत्तपत्रे शेजारी ठेवून वाचली, की ‘घरमालक’, ‘चाळमालक’, ‘लँडलॉर्ड’ अशा निरनिराळ्या नावांखाली तीच मंडळी ओळखू येऊ लागतात. संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर दरवर्षी कार्यकारिणीची यादी दाखल करणे बंधनकारक असते. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्या दृष्टीने चौकशी करावी. पदाधिकाऱ्यांची नावे वर्षानुवर्षे मिळत गेली, तर निम्मा इतिहास तेथेच उलगडेल, असा माझा अंदाज आहे.

मसुदेकार:
वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, फक्त एक भर घालतो. संघटनेची जुनी पत्रके हाती आली, तर ती 44 व्या घटनादुरुस्तीपूर्वीची की नंतरची हे आधी पाहावे. 1978 च्या त्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला, त्याजागी अनुच्छेद 300-अ आला, आणि मालकांना समानतेच्या हक्कावर व अनुच्छेद 31-क च्या (39 (ब) साठी केलेल्या कायद्यांना समानतेच्या हक्काखालील आव्हानापासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीच्या) मर्यादांवर भर देऊन लढावे लागले. तसेच 1969 च्या दुरुस्ती मंडळ कायद्याने आलेला उपकर विसरू नये, कारण गोठलेले भाडे आणि रखडलेली दुरुस्ती यांच्या कात्रीतूनच मालकांची बाजू घडली. मात्र भाडेकरूंच्या संघटनांची निवेदनेही त्याच काळातली मिळवावीत. केवळ मालकांच्या कागदांवर लिहिलेला इतिहास मला तरी पुरेसा वाटणार नाही.

गिरगावकर:
आभारी आहे. 1947 च्या विधेयकावरील चर्चेपासून सुरुवात करतो आणि वरळीच्या कार्यालयात लेखी अर्जही देतो.