१५ जानेवारीच्या बॅनरवर फोटो कोणाचा?

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी 🙏 १५ तारखेला पार्किंगमध्ये मुलांच्या स्पर्धा आहेत हे लक्षात आहे ना सगळ्यांच्या. बॅनर उद्या संध्याकाळी छापायला देतोय. धोनी, विराट आणि नीरज चोप्रा असे तीन फोटो घेतलेत. कोणाला काही सुचवायचं असेल तर आत्ताच सांगा, छापल्यावर नको.

बी-३०१: मस्त 👍

बी-४०३: मुलं खूश होतील

सी-२०४: सेक्रेटरी दादा, जरा थांबा. १५ जानेवारीलाच राज्य क्रीडा दिन का असतो? तो खाशाबा जाधवांचा वाढदिवस आहे हो, १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर. आपण कराडात राहतो, गोळेश्वर इथून गाडीवर दहा मिनिटं पण लागत नाहीत आणि खाशाबा शिकले ते आपल्या टिळक हायस्कूलात, जिथे आपल्याच सोसायटीतली चार-पाच पोरं आत्ता जातात. आणि आपल्या बॅनरवर त्यांचाच फोटो नाही, हे मला खरंच लागलं म्हणून लिहितेय, राग मानू नका.

ए-१०२ (सेक्रेटरी): राग कसला काकू, माझ्या डोक्यातच आलं नाही. टाकतो त्यांचा चौथा फोटो.

सी-२०४: चौथा नको, पहिला टाका आणि मोठा टाका.

बी-४०३: काकू ते ऑलिंपिकवाले ना? शाळेत एक धडा होता बहुतेक

सी-२०४: हो गं तेच. १९५२, हेलसिंकी, ५७ किलो फ्रीस्टाइल, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्याच्यानंतर दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं. आणि आपल्या महाराष्ट्राला परत वैयक्तिक पदक मिळालं ते २०२४ ला, स्वप्नील कुसाळेचं, म्हणजे मधे ७२ वर्षं गेली बघ.

डी-१०४: आमचा धाकटा तालमीत जातो म्हणून सांगतो, मातीवरनं मॅटवर जायचं म्हणजे खायचं काम नाही. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते, पाय रुततो, अंगाला माती लागली की पकड बसते. मॅटवर ते काही नाही, पाय सटकतो, घामानं हात निसटतो, आणि चितपट नाही झाली तरी गुणावर कुस्ती जाते. आमचं पोरगं पहिले दोन महिने रडत घरी यायचं. खाशाबा ह्या मातीतनंच गेले की, १९४८ ला लंडनला तर मॅटची सवयच नव्हती, तरी सहावे आले. ढाक डाव त्यांचा हुकमी, आमचे वस्ताद अजून पोरांना दाखवताना त्यांचंच नाव घेतात.

बी-३०१: सहावा नंबर?? मॅटची सवय नसताना?

डी-१०४: होय. आणि हेलसिंकीत पण एक कुस्ती लांबली, जपानच्या इशीबरोबरची, त्यात हरले, आणि मधे अर्धा तास विश्रांती मिळायला पाहिजे ती न मिळता लगेच रशियाच्या पैलवानाबरोबर उभं केलं. भांडायला आपला एक पण अधिकारी तिथं नव्हता. तो इशी सुवर्ण घेऊन गेला आणि रशियावाला रौप्य. म्हणजे हरले ते पहिल्या दोघांकडनंच.

बी-४०३: हे वाचून कसंतरीच झालं दादा

सी-२०४: आणि जायलाच पैसे नव्हते गं. गावानं वर्गणी काढली, घराघरातनं जमेल तसं दिलं, तरी पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं, ७ हजार रुपयांना. कॉलेजातल्या एका पोरासाठी. मी ३० वर्षं शिकवलं, पोरांवर जीव पण लावला, पण घर गहाण टाकायचं माझ्याच्यानं झालं असतं का हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

ए-३०५: थांबा थांबा, खर्डेकर म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या लायब्ररीला नाव आहे ते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर?? मी दोन वर्षं रोज त्या पाटीखालनं आत गेले, एकदा पण विचारलं नाही कोण होते

सी-२०४: तेच गं बाळा.

डी-१०४: परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून पैसे उभे केले आणि सरांचं घर सोडवलं, हे पण लिहा. माणूस फेडणारा होता.

सी-२०४: आमचे सासरे तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. कराड स्टेशनवरनं गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, ते सांगायचे की बैलांची शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, ढोल-लेझीम, आणि एवढ्याशा रस्त्याला अख्खा दिवस लागला. सासऱ्यांना त्यांच्या चुलत्यांनी खांद्यावर घेतलेलं तर त्यांना पदक काही दिसलंच नाही, गुलालानं भरलेली मान तेवढी दिसली. शेवटपर्यंत तेवढंच सांगायचे, प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

बी-३०१: काकू १५ ला मुलांसमोर हे तुम्हीच सांगा ना, बक्षीस वाटपाच्या आधी. पाच मिनिटं

सी-२०४: सांगीन की. पण नुसतं ऐकून पोरं विसरतात. त्या रविवारी सगळ्यांना घेऊन गोळेश्वरला जाऊया का, त्यांचं घर आहे तिथे, ऑलिंपिक निवास नावाचं. बाहेरनं बघितलं तरी चालेल.

डी-१०४: माझी टेम्पो ट्रॅव्हलर मोकळी आहे रविवारी. डिझेल माझं.

बी-४०३: आमच्या घरातली दोन पोरं धरा

ए-१०२ (सेक्रेटरी): ठरलं मग. बॅनरवर एकच फोटो, खाशाबांचा, विराट-धोनी पुढच्या वेळी. खाली असं लिहितोय, बघून घ्या: "पै. खाशाबा दादासाहेब जाधव, गोलेश्वर. विद्यार्थी, टिळक हायस्कूल, कराड. ऑलिंपिक ब्राँझ पदक, हेलसिंकी १९५२."

सी-२०४: गोळेश्वर. ळ. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात प्राचार्य खर्डेकरांचं पण नाव घाला, जागा असेल तर.

ए-१०२ (सेक्रेटरी): जागा करतो काकू.