दवेगाने केलं ते काय? चुगली, चहाडी की फितुरी?

वसईची_मावशी
चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या मोठ्या मुलांसाठी बायबलमधला १ शमुवेल २२ हा अध्याय आजच्या मराठीत लिहितेय. गिबा गावात झाडाखाली शौल राजा भाला घेऊन बसलाय आणि चाकरांवर भडकलाय: तुम्ही सगळे माझ्यावर उठलात, माझा मुलगा इशायाच्या मुलाला, म्हणजे दावीदला, सामील झाला तरी मला कुणी सांगत नाही. तेव्हा दवेग अदोमी सांगतो की शौलापासून पळणारा दावीद नोब गावी अहीमलेख याजकाकडे आला होता. अहीमलेखाने त्याला अन्न दिलं, गल्याथाची तलवारही दिली. मी 'चुगली केली' लिहिलं. मुलं म्हणाली, चुगली तर बाईंकडे करतात! पुढे शौलाच्या हुकमाने ८५ याजक मारले जातात. शब्द हलका पडतो हे खरंच. 'विश्वासघात' लिहू का?

माणदेशी
मावशी, विश्वासघात नको. दवेग शौलाचाच माणूस, त्याच्या गुराख्यांचा मुख्य. त्याने कुणाचा विश्वास मोडला? चहाडी लिहा. चहाडीत गोष्ट खरी असते, पण समोरचा गोत्यात येईल तेवढीच सांगितलेली. 'राजाच्या गुप्त कामावर आलोय' ही थाप दावीदने अहीमलेखाला मारली होती. दवेगाच्या बोलण्यात तिचा पत्ताच नाही.

शब्दसखी
ती थाप दवेगाने ऐकली होती असं अध्यायात कुठे आहे? तो त्या दिवशी तिथे होता, एवढंच २१व्या अध्यायात येतं.

माणदेशी
मान्य. पण भाला धरलेल्या राजासमोर नेमकं कधी तोंड उघडावं हे त्याला बरोबर कळलं. चहाडखोराची जातच ती.

मोडीवाला
शौल चाकरांवर जो आळ घेतो, त्याला फितुरी म्हणतात. बखरींतला फंदफितूर तोच.

शुद्धलेखक
फितूर अरबी, चुगली फारसी. देवाच्या ग्रंथात परके शब्द कशाला? 'राजद्रोह' आहे की.

मोडीवाला
साडेतीनशे वर्षं आपल्या कागदपत्रांत नांदलेला शब्द परका कसा? राजद्रोह कोर्टातला वाटतो. मूळ हिब्रूत त्या जागी 'बांधणे, गाठ मारणे' या अर्थाचं क्रियापद आहे. शौलाला वाटतंय, या सगळ्यांनी माझ्याविरुद्ध आपसांत गाठ बांधली. यात द्रोहापेक्षा भीती जास्त आहे.

शब्दसखी
भीतीचं म्हणाल तर मला चाकर महत्त्वाचे वाटतात. राजा म्हणतो 'मारा', आणि याजकांवर कुणी हात उचलत नाही. राजाची जरब होतीच, पण देवाची त्याहून मोठी. शेवटी दवेगालाच सांगावं लागतं. या माणसाला चहाडखोर म्हणून कसं भागेल? त्याने स्वतः तलवार चालवली.

वसईची_मावशी
हो, आणि अहीमलेखाचा मुलगा अब्याथार निसटून येतो तेव्हा दावीद म्हणतो की दवेग सांगणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं, तुझ्या घराण्याच्या मृत्यूला मीच कारण. मला मुलांपर्यंत हेच पोचवायचं आहे. अहीमलेखाची बाजू कुणी सांगाल का? 'दावीदइतका विश्वासू कोण' असं तो शौलाच्या तोंडावर म्हणतो, त्याला इमान म्हणू की निष्ठा?

शुद्धलेखक
निष्ठा. इमानही अरबीच.

मोडीवाला
इमानाला काय झालं? आणि शौलाच्या रागाला 'राजकोप' लिहिणार असाल तर थांबा, 'इतराजी' जास्त जवळचा आहे.

माणदेशी
इतराजीत राजा तोंड फिरवतो, वतन काढून घेतो. इथे अख्खं नोब कापून काढलं, बायकापोरं, गुरंमेंढरंसुद्धा.

मोडीवाला
इतराजी झाल्यावर माणसं जिवानिशी गेलेलीही आहेत. बखरी काढून बघा.